रंगवलेला शाफ्ट

निपाणी, १३ ऑक्टोबर २०२४

चि. बेबीस, मार्तंडअण्णाचे अ. उ. आ.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तुझे डोळे अधू आणि माझं अक्षर तुझ्या नातीला, श्रियाला, लागत नाही. तेव्हा तुझ्या आशूनंच वाचून दाखवावं.

आपल्या आबांची फियाट उठून उभी राहिली गं! मष्णू मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवून झिजलेले गिअर बदलले. इंजिनाचं बळ मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब शाफ्ट इतके दिवस सोप्यात आडवा पडला होता, कुणी दमून खाली ठेवलेल्या बासरीसारखा. खंडेनवमीला मी तो रॉकेलनं धुतला, घासला, पोपटी रंग दिला, हळदकुंकू वाहिलं. मष्णू आला तो डोक्याला हात लावूनच बसला. दोन तुकडे जुळवायच्या त्याच्या खुणा पुसल्या म्हणे. अण्णा, ह्यो शाफ्ट हाय का नवरी, असं विचारून शेवटी त्यानं अंदाजानंच बसवला.

येत्या रविवारी सकाळी येतो. आशू हसत म्हणाला होता ना, मामांनी त्या खटाऱ्यातनं येऊन न्यावं, मग आईला कायमची निपाणीला धाडतो? तूही हट्टी, त्याच्या होकाराशिवाय उंबरा ओलांडणार नाहीस. आता त्याचा शब्द त्याच्याच दारात नेऊन उभा करतो. रोज सकाळी सगळ्यांचे डबे भरणं संपलं तुझं. इथं पायरीवर बसू. मी शाळेतल्या कविता म्हणेन, तू चुका काढ.

लोभ आहेच, आता सोबतही असू दे.

तुझा अण्णा


बेळगाव, २२ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस, आशुतोषचा सा. न. वि. वि.

वाटेत हत्तरगीजवळ शाफ्ट तुटून गिअरबॉक्स फुटल्याचा तुमचा फोन आला, तेव्हा आई फाटकातच उभी होती. इरकल नेसून, हातात पिशवी.

मला आश्चर्य वाटलं नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यात मी रोज असलेच शाफ्ट बनवतो. खुणा पुसून अंदाजानं बसवला की तो वेगात थरथरतो आणि तुटतो. तुमचं पत्र वाचलं तेव्हाच कळलं होतं. फोन करून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आईला वाचून दाखवताना तेवढा भाग गाळला.

राग मानू नये. केतकी बँकेत, मी कारखान्यात. आई गेली तर घर कोण बघणार? गाडी दारात आली असती तर शब्द मी पाळला असता.

भाऊबीजेला येऊ नका. आम्ही सगळे केतकीच्या माहेरी, खानापूरला असू. आईला काही कळवायचं असल्यास अवश्य लिहा. वाचून मीच दाखवतो. भंगारवाला हवा असल्यास माझ्या ओळखीत आहे.

लोभ लांबूनच राहावा.

आपला, आशुतोष


बेळगाव, ४ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णास, बेबीचा शि. सा. न. वि. वि.

श्रियाकडून लिहून घेतेय. त्या रविवारी तू निघालाच नव्हतास, असं आशूनं सांगितलं. गाडी पुसत कविता म्हणत बसलावतास म्हणे, आणि पुढं बघू म्हणालास. मी ऊन डोक्यावर येईस्तोवर फाटकात. केतकीनं पिशवीतली लुगडी परत कपाटात लावली.

तरी भाऊबीजेला येशील वाटलं रं. आम्ही कुठं गेलोच न्हाय, घरातच होतो. पाट मांडला, रांगोळी काढली, खपली गव्हाची खीर केली. दुपार टळली तरी आशू म्हणत होता, येतील बघ मामा. लई धीर दिला पोरानं.

तिन्हीसांजेला गच्चीवर गेले. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, ते आजवर नुसतं ऐकलंवतं. मला कोर दिसेना. श्रियानं माझा हात धरून तिकडं वळवला, तसं ओवाळलं.

आता न्यायला येऊ नकोस. आलास तरी मी निघणार न्हाय.

लोभ होता तो तुझ्यापाशीच राहू दे. परत मागत न्हाय.

बेबी