संप की गैरहजेरी?

दादा, काल आम्हा सगळ्या शिक्षिकांना एका प्रशिक्षणाला बसवलं होतं. विषय होता, विद्यार्थ्यांच्या मनात शाळेबद्दल सकारात्मक दृष्टिकोन कसा निर्माण करावा. नाव एवढं लांब की फळ्यावर शेवटचे दोन शब्द खालच्या ओळीत घसरले होते. शिकवायला आलेले गृहस्थ वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, अंगात कोट, आणि नेमका त्यांच्याच डोक्यावरचा पंखा बंद. त्यांनी पडद्यावर हसणारा सूर्य दाखवला, हसणारं दप्तर दाखवलं, मग हसणारा डबासुद्धा दाखवला. शेवटी प्रत्येकीला एक गुलाबी कागद देऊन म्हणाले, तुम्हाला स्वतःला शाळा कशामुळे आवडायला लागली ते एका शब्दात लिहा. बाकीच्यांनी 'प्रेम', 'खेळ', 'मैत्रिणी' असं लिहिलं. मी लिहिलं, 'संप'. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, अजून वेळ आहे, शब्द पूर्ण करा." त्यांना वाटलं मला 'संपली' लिहायचंय. मी मान डोलावली आणि कागद पालथा घालून तुम्हाला लिहायला घेतलं. तो तिथेच भरला, म्हणून आज घरी बसून पुढचं लिहितेय. मला आठवतं तसं सांगते. चुकलं तरी दुरुस्त करायला तुम्ही नाही, त्यामुळे माझंच खरं.

नव्वद सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. तुम्ही, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ असे आपण परभणीकडचं गाव सोडून कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत नुकते आलो होतो. तुम्ही सायकलवरून तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात जायचात. त्या दिवशी आत कुठला रंग चालू होता ते आम्हाला तुमच्या कानांवरून कळायचं, कारण तोंड तुम्ही साबणाने खसाखसा धुवायचात आणि कान दर वेळी विसरायचात. तुम्ही युनियनच्या कमिटीवर होतात. आठवड्यातून एकदा आपल्या पुढच्या खोलीत सतरंजी पडायची, कारखान्यातली माणसं मांडी घालून बसायची आणि आई चहा करता करता भिंतीला ऐकवायची की या घरात साखर कुठे जाते ते साखरेलाच ठाऊक. मी दाराआडून बघायचे. कुणी कितीही लांबण लावली तरी तुम्ही मधे तोडायचा नाहीत. त्याचं बोलणं संपलं की म्हणायचात, "बरं, म्हंजी तुझं म्हननं असं हाय," आणि त्याचंच त्याला नीट करून सांगायचात. तो माणूस घरी जाताना सरळ चालायचा.

मी पाचवीत. पहिल्याच आठवड्यात एका पोराने मला रांगेत मागून ढकललं आणि मी वळून विचारलं, "कामून ढकलायलास?" रांगेत असं हसू फुटलं की बाजूच्या वर्गातली पोरं खिडकीशी आली. झालं. त्या दिवसापासून माझं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. बाकी सगळीकडे मी 'कामून'. कामून आली, कामून गेली, कामूनने डबा उघडला, कामूनच्या डब्यात काय कामून! ढकलणारा पोरगा खाडीकडच्या गावातला, मिठागरवाल्यांच्या घरचा. तो स्वतः 'पानी' म्हणायचा, 'शाला' म्हणायचा. पण अर्धा वर्ग तसंच बोलायचा, म्हणून ते कुणाच्या कानाला खटकत नव्हतं. मी बोलणंच बंद केलं. बाईंनी विचारलं तर मान हलवायची, तहान लागली तर घरी जाऊन पाणी प्यायचं.

मग एक दिवस सकाळी, वेणी घालून झाल्यावर, मी आईला सांगून टाकलं की मी शाळेत जाणार नाही. आईच्या हातात लाटणं होतं. तिने ते उगारलं, आणि मग, दादा, तिने ते खाली ठेवलं. उगारलेल्यापेक्षा ते खाली ठेवलेलं लाटणं जास्त भीतीचं होतं, हे मला आत्ता कळतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हिला घरी. धाकट्याला बघंल. मला त्या पॅकिंगच्या कामाला बोलावू लागलेत, मी जाते." गल्लीतल्या दोन पोरी अशाच 'सध्या राहू द्या' म्हणून घरी राहिल्या होत्या आणि त्यांचं ते सध्या काही संपलं नव्हतं. तुम्ही उंबऱ्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होतात. कान पिवळे. तुम्ही दाभण थांबवलंत आणि मला विचारलंत, "संप हाय का गैरहजेरी?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"गैरहजेरी असंल तर तुझ्या मायच्या ताब्यात. संप असंल तर माझ्या."

मी आईकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "संप."

तुम्ही चप्पल बाजूला ठेवून हात धुतलेत, सतरंजी काढलीत, अंथरलीत आणि मला म्हणालात, "बस." एकटीला. भल्या सकाळी, सायकल दारात उभी असताना! आईला सांगितलंत, चहा कर, कमिटी बसली. आई म्हणाली, "बापलेकीचा संप, आन् चहा मी करू?" पण केला. माझा बशीत ओतून दिला. आणि तुम्ही विचारलंत, मागण्या काय?

मला विचारणार हे ठाऊक असतं तर तयारी केली असती. ऐन वेळी सुचेल ते सांगितलं. गणित बंद करावं. मधली सुट्टी सकाळपासून असावी. शाळा कळंबोलीला हलवावी, कारण तिथे ट्रक असतात. तुम्ही एकीलाही हसला नाहीत. "बरं, म्हंजी तुझं म्हननं असं हाय," म्हणून तुम्ही त्या तिन्ही मागण्या इतक्या गंभीरपणे परत सांगितल्यात की कळंबोलीची मलाच लाज वाटली. मग तुम्ही म्हणालात, "मागन्यांत येक खरी असती. बाकीच्या सोडून द्यायला ठेवायच्या असत्यात. खरी कोन्ती?" तेव्हा मी रडले आणि 'कामून'चं सगळं सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. तो शब्द तुमच्याही तोंडात दिवसातून पन्नासदा यायचा. कारखान्यात त्यावरून कुणी हसलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही फक्त म्हणालात, "ही खरी."

मला वाटलं, सुटले, आता घरी. कसचं काय! तुम्ही सांगितलंत की संपाची रीत असते, आधी नोटीस द्यायला लागते, दोन आठवड्यांची. "आन् नोटिशीच्या काळात काम चालू ठिवायचं. न्हाई तर संप बेकायदा." बेकायदा म्हटल्यावर मला पोलीस दिसले. मी दप्तर उचललं आणि निघाले. वळणापर्यंत पोहोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला की संप केला आणि शाळेतही निघाले. मागे वळून पाहिलं तर तुम्ही सायकलला टेकून उभे होतात, तोंड दुसरीकडे करून, आणि खांदे हलत होते. आईला तुम्ही तेवढ्यात सांगितलं होतंत, पॅकिंगवाल्यांना दोन आठवडे थांब म्हण.

मग वाटाघाटी. तुम्ही चौदा एप्रिलच्या जयंतीचा पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होतात, कान हिरवे. शाळा सुटल्यावर वर्गात तुम्हाला आमच्या बाकावर बसवलं आणि तुमचे गुडघे हनुवटीपाशी आले. आमच्या बाई कोकणातल्या, आवाज असा की दोन वर्ग पलीकडचे पाढे चुकायचे. तुम्ही म्हणालात, मुलीने संपाची नोटीस दिली आहे. मला वाटलं आता बाई दोघांनाही बाहेर काढणार. त्यांनी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मीही शिक्षकांच्या संपात रस्त्यावर बसलेली बाई आहे. बोला, मागण्या काय?" तुमचा चेहरा उजळला. तुम्ही म्हणालात, "कामगार सोता बोलंल."

कामगार बोलला. कुणीही मला 'कामून' म्हणायचं नाही.

"बंदी घालू?" बाई म्हणाल्या. "आत्ता घालते. उद्या मधल्या सुट्टीत दुपटीने म्हणतील." आणि मग, "कामून म्हणजे काय गं?"

"का. कशापायी."

"एवढंच? मग हे वर्गाला का नको?" त्या टेबलावर बोटं वाजवत राहिल्या. "असं करू. उद्यापासून माझ्या तासाला कुणाला काही विचारायचं असेल तर त्याने 'का' म्हणायचं नाही. 'कामून' म्हणायचं. नाही म्हटलं तर उत्तर नाही."

मी खूश. पण तुम्ही मला आधीच सांगून ठेवलं होतंत की मॅनेजमेंट रिकाम्या हाताने उठत नसते. बाई म्हणाल्या, आता माझी मागणी. हिने रोज एक प्रश्न विचारायचा, वर्गात, उभं राहून, मोठ्याने. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बराच विचार करून विचारलंत, "शनवारी बी?" बाई म्हणाल्या, "शनिवारी अर्धी शाळा, अर्धा प्रश्न." तुम्ही दोघं उभे राहिलात, आणि मला वाटतं, हात मिळवायचा की नमस्कार करायचा हे दोघांनाही ठरवता आलं नाही, म्हणून तुम्ही दोघांनी माझ्या डोक्यावर एकेक टपली मारलीत.

पुढचे दिवस तुम्ही बघायला हवे होतेत. पहिला दिवस सगळे लाजले. दुसऱ्या दिवशी तो मिठागराकडचा पोरगाच उठला. "बाय, शाला सकालीच कामून? दुपारी केली त काय व्हतंय?" बाईंनी खरंच उत्तर दिलं, दोन पाळ्यांचं, खोल्या कमी असल्याचं. मग धरणच फुटलं. सतराचा पाढा कामून एवढा अवघड? नकाशात समुद्र निळा कामून, आपल्या खाडीचं पाणी तर काळं? ज्यांना आयुष्यात कधी काही विचारायचं नव्हतं तेही उठून 'कामून' म्हणायचे आणि पुढचं विसरून खाली बसायचे. शब्द इतका वापरला गेला की त्याने कुणाला चिडवावं असं त्यात काही उरलं नाही. मला पुन्हा माझ्या नावाने हाका यायला लागल्या. एकदा हेडसर दारात येऊन ओरडले, "हा गोंधळ बंद करा!" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "कामून?" बाईंना ऑफिसात जावं लागलं. मी घरी येऊन सांगितलं तर तुम्ही बाईंच्या पाठिंब्यासाठी अख्खी कमिटी घेऊन निघालात. बाईंनी तुम्हाला फाटकातच अडवलं. "मला माझी युनियन आहे. तुम्ही आधी कान धुवा."

शाळा मला तेव्हाही फार आवडत होती असं नाही. गणित बंद झालं नाही, शाळा कळंबोलीला गेली नाही. पण रोज एक प्रश्न देणं होतं आणि तो विचारायला जावंच लागायचं, आणि दोन आठवडे कधी उलटले ते मला कळलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. आई पुढे पॅकिंगला गेलीच, धाकट्याला शेजारच्या काकूंकडे ठेवून. दर जूनमध्ये पहिल्या दिवशी तुम्ही सायकलला टांग मारायच्या आधी विचारायचात, "करार चालू?" मी म्हणायचे, "चालू." दहावीपर्यंत, मग कॉलेजात, मग डी.एड.ला. मी शिक्षिका म्हणून पहिल्या दिवशी निघाले तेव्हा तुम्ही खाटेवर होतात, खोकल्याने बोलता येत नव्हतं. तरी हाताने विचारलंत. त्या वेळी तुमचे कान अगदी स्वच्छ होते, आणि मला ते बघवले नाहीत.

आता मी मॅनेजमेंट झालेय, दादा. माझ्या वर्गातही कुणी ना कुणी रुसून बसतं. हसणारं दप्तर दाखवून ते उठत नाही. मी त्याला विचारते, संप की गैरहजेरी? बहुतेक जण संपच म्हणतात. मग मी खुर्ची सोडून त्याच्या बाकावर बसते, माझेही गुडघे हनुवटीला लागतात, आणि ते बोलायला लागलं की मधे तोडत नाही. काल हे सांगायला मी हात वर केला होता, पण कोटवाल्यांची चहाची वेळ झाली होती. कागद गोळा करायला आले तेव्हा मी माझा दिला नाही. तो आणि हे, दोन्ही माझ्याकडेच राहणार. तुमचा पत्ता असता तर आई आधी साखरेचा हिशोब मागायला आली असती.

एक मात्र सांगायचं राहिलंय. तुम्ही खरी मागणी विचारलीत तेव्हा मी 'कामून'ची सांगितली. ती खरी होती, पण तिच्याखाली अजून एक होती आणि ती मी कधीच टेबलावर ठेवली नाही. मला त्या सतरंजीवर बसायचं होतं. तुम्ही त्या माणसांचं ऐकायचात तसं माझं ऐकावंत, एवढंच. तुम्ही सतरंजी अंथरलीत, 'बस' म्हणालात आणि बशीत चहा आला, तेव्हाच ती मान्य झाली होती. पुढचा सगळा संप मी उगाच केला, मजा येत होती म्हणून.

या जूनमध्येही कुणी विचारलं नाही. चालू हाय, दादा.