उंदराला फाशी कोण देणार

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज मला आठवतोय तो लोणावळ्याच्या चिक्की कारखान्यातला उंदीर. तुम्ही तिथे गुळाच्या कढईवर होतात. कॉलेज सुटलं की मी तिथे यायचे, मग आपण एकाच एसटीने बेडशाला परतायचो. त्या दिवशी उंदीर पिंजऱ्यात सापडला होता आणि शेठ कपाळावरचं गंध सावरत तुम्हाला म्हणत होते, "आमच्या गणपतीचं वाहन ते, माझ्या हातून नाही व्हायचं. तू बुडव त्याला बादलीत." तुम्ही झारा खाली ठेवलात. "म्या सकाळीच विहारात पहिलं शील घेतलंय, शेठ. जिवाची हत्या न्हाई." दोन धर्म एकमेकांकडे बघत उभे, आणि आरोपी आत बसून आपले शेंगदाणे खातोय.

त्याच सकाळी पेपरात कुणाच्या तरी फाशीची बातमी होती. शेठना ती पसंत होती. देवांनी राक्षस सोडले का, असा त्यांचा सवाल. तुम्ही म्हणालात, "देव सोता मारायचे. दुसऱ्याला न्हाई सांगायचे. तुमच्याच्यानं उंदीर मरंना, मग तितं खटका कोन ओढनार?" "सरकार!" "मंजी माज्यावानी कोनीतरी पगारी मानूस." शेठ उगाचच वजनकाटा पुसायला लागले. संध्याकाळी पिंजरा आपल्यासोबत निघाला. एसटीत कंडक्टरने त्यात काय आहे विचारलं, तर तुम्ही गंभीरपणे "जामिनावर सुटलाय" म्हणालात. वाटेत उतरून उंदराला आपण कार्ल्याच्या भातखाचरात सोडलं. कार्ल्याच्या शेतकऱ्यांना विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

मी काही तुम्हाला सहजासहजी सोडणारी नव्हते. रविवारी मटणाच्या ताटावर विचारलंच, की हे कापणारा खाटीक म्हणजे तुमचा पगारी माणूसच ना? तुम्ही हातातला घास ताटात परत ठेवलात. पुढच्या रविवारी तुम्ही नुसता रस्सा खाल्लात आणि आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

परवा आमच्या सोसायटीच्या दारात सह्यांची मोहीम होती. तालुक्यात एका लहान मुलीला ज्याने जिवे मारलं, त्याला फाशी द्या म्हणून. अण्णा, मीसुद्धा रडले होते. त्या माणसाचा मला इतका राग आला की माझीच मला भीती वाटली. तरी सही करायला हात पुढे होईना, कारण खटका कोण ओढणार हे तुम्ही कानात विचारत होतात. तेच मोठ्याने विचारायचं होतं. पण रांगेत सगळी रोजची माणसं होती, पोरीची आजी तिथेच खुर्चीवर बसली होती, आणि मी म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता. शेजारच्या मावशींनी तो पाहिलाही असेल, पण त्यांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. "वाचायचं काय त्यात? अंगठा लावा की."

बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेली तुमची मुलगी, अण्णा. आपल्या घरात तुमच्या आईनंतर कुणी अंगठा उठवला नव्हता. मी उठवला.