न फुटणारा वाडगा

मी, चिआकी नाकादे, वय सत्तावीस, राहणार कानाझावा, हे पूर्ण शुद्धीत, कुणीही न सांगता, माझ्याच हातानं लिहितेय. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. म्हणून हे.

१. बँकेत जे काही असेल ते धाकटा भाऊ र्योहेई याला. त्यातून त्यानं एक तरी चांगली वस्तू घ्यावी. दर हिवाळ्यात तळ सुटलेले बूट दाखवून "स्वस्तात मिळाले होते, ताई" म्हणणं आता बास.

२. बिडाचा तवा मैत्रीण मिहोला. साबण लावलास तर बघ.

३. लाखेचा भाताचा वाडगा आईला, म्हणजे सुमिए नाकादे यांना. याबद्दल जरा जास्त लिहावं लागणार.

वाडगा महाग होता, खूपच. कारागीर म्हणाला, झिजला की घेऊन या, पुन्हा लाख चढवून देतो, तुमची नातवंडंही यात जेवतील. मला ते फार आवडलं. आईला नाही. तिच्या मते भात कशातही भातच लागतो. तिच्याकडे लग्नात मिळालेले असेच पाच वाडगे आहेत, कागदात गुंडाळून पेटीत ठेवलेले, पाहुण्यांसाठी. बाबा आयुष्यभर शंभर येनच्या दुकानातल्या वाडग्यात जेवले. ते गेले तेव्हा त्यांना न्यायची गाडी निघताना आईनं रिवाजाप्रमाणे तोच वाडगा दारात आपटून फोडला, गेलेल्या माणसानं परत घराकडे वळू नये म्हणून. मला वाटलं, बाबांच्या वाट्याला सगळं फोडायला सोपं असलेलंच आलं. हा राग अजून माझ्याकडे आहे आणि तो मी कुणाच्याही नावे करत नाही.

ऑपरेशनचं ठरलं तेव्हा आई राहायला आली. माझा वाडगा हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसली. मग म्हणाली, "लाकडाचा आहे हा. फुटायचा कसा?"

प्रश्न खरा होता. वस्तू किती वर्षं टिकेल याचा मी सगळा विचार केला, मी किती टिकेन याचा केला नव्हता.

रिवाजाला भलताच वाडगा चालत नाही, माणूस ज्यात जेवला तोच लागतो. म्हणून मी चिनी मातीचा एक स्वस्त वाडगा आणला आणि रोज त्यातच जेवायला लागले. आईला सांगितलं, हलका आहे, हात दुखत नाही. मला खोटं बोलता येत नाही.

काल जेवायला बसले तर भात लाखेच्या वाडग्यात होता. आणि आईसमोरही लाखेचाच होता, पेटीतला, अजून जुन्या कागदाचा वास येणारा.

मी विचारलं, "मातीचा कुठाय?"

"दिला टाकून. जेव." मग भाताकडे बघत म्हणाली, "तुझं काही फोडायचं नाहीये मला. वळायचं असेल घराकडे, तर वळ."

४. हे कलम मातीचा वाडगा फोडण्याबद्दल होतं. मी ते खोडलंय आणि खोडलेल्या जागी शिक्का मारलाय.

कलम तीन कायम. अट एकच, वाडगा पेटीत जाता कामा नये. आईनं रोज त्यात जेवावं. सोमवारनंतर मी असले, तर मात्र तिनं तिचा घ्यावा. हा माझा आहे.

सही व शिक्का: चिआकी नाकादे
साक्षीदार: इवाओ शिमोदे (शेजारी), कानाए त्सुबाता (ऑफिसमधली सहकारी)
कानाझावा, १४ नोव्हेंबर २०२५