घोटभर पेट्रोल

३ नोव्हेंबर

ही वही मला चिमणीने दिली. चिमणी म्हणजे माझी नात, बाबूची मुलगी. शाळेत दुसरीला आहे, तोंडाने कॉलेजात. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस ते कुणी नीट ऐकत नाही, तर लिहून ठेव. म्हटलं अगं, माझी शाळा तिसरीतच सुटली. तर म्हणते, मग तू माझ्यापुढे एक इयत्ता आहेस की! घ्या. पेन्सिलसुद्धा तिचीच, मागून चावलेली.

तर आज मी माझ्या लेकाच्या, बाबूच्या, नव्या घरी राहायला आले. कायमची. बाकीची मुलं म्हणायची, एवढ्या लांब, थंडीत, जंगलाच्या कडेला कुठे जातेस म्हातारपणी? म्हटलं, जळतात मेली. घर कसं टुमदार आहे! रस्ता आमच्या फाटकाशी संपतो, मागे नुसती झाडं. आतल्या खोलीत मोठी लोखंडी शेगडी, तिचा धूर पाइपातून वर जातो. शेगडीपाशी बाबूने माझ्यासाठी हातांची लाकडी खुर्ची ठेवलीय. बसले की उठावंसंच वाटत नाही. तसं उठता येतही नाही म्हणा. माझा उजवा गुडघा आता माझं ऐकत नाही, ह्यांची काठी टेकून कोणीतरी ओढलं तर उठते.

संध्याकाळी सूनबाई केर काढत आली, म्हणाली आई, पाय वर घ्या. डावा घेतला, उजवा जागचा हलेना. चिमणीने दोन्ही हातांनी उचलून धरला आणि म्हणाली, आजीचा एक पाय शहाणा आणि एक हट्टी. सूनबाई हसून हसून केरसुणीसकट खाली बसली. माझ्या येण्याने ह्या घरात हसू आलं, मी नाही, सूनबाईच म्हणाली.

७ नोव्हेंबर

आज गाडीतून फिरून आले! झालं असं, की शेगडीचं पोट फार मोठं. बाबू ऑफिसातून येऊन कुऱ्हाडीने लाकडं फोडतो आणि मग कंबर धरून बसतो. मीच टुमणं लावलं, एक पेट्रोलवरची करवत घे बाबा, ती साखळीची, घर्रकन कापणारी. दुकानातल्या महाग. मग त्याला किराणावाल्याच्या भिंतीवर चिठ्ठी दिसली, जुनी करवत स्वस्तात देणे आहे. मी म्हटलं मीपण येते, घासाघीस करायला माझ्यासारखी नाही.

विकणारी बाई साधारण सूनबाईच्याच वयाची. घर मात्र काय सांगू! सगळं लोखंडी आणि प्लॅस्टिकचं. बसायला लोखंडी खुर्च्या, दारांच्या जागी नुसते जाड पडदे. अंगणात झाडांचे नुसते बुंधे. एकेकाची आवड. आतल्या खोलीत तिचा नवरा गळ्यापर्यंत घोंगडी घेऊन बसला होता. मी हात जोडले. त्याने जोडले नाहीत, नुसती मान हलवली. मनात म्हटलं, शिष्ट दिसतोय.

मी घासाघिशीसाठी तोंड तयार करून गेले होते, पण बाईने किंमत इतकी कमी सांगितली की माझी मजाच गेली. एकच गोष्ट तिने बाबूला परत परत सांगितली. काम झालं की टाकी पूर्ण कोरडी करायची. उरलेलं पेट्रोल डब्यात ओतायचं, मग करवत चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. एक थेंब आत ठेवायचा नाही. कोरडी झोपली पाहिजे, असं म्हणाली. बाबू म्हणाला, हो, यंत्रात पेट्रोल शिळं होतं, माहितेय मला.

८ नोव्हेंबर

काय तो आवाज आणि काय तो वेग! मागे पडलेलं एक झाड होतं, बाबूने दोरी ओढून करवत सुरू केली आणि लोणी कापावं तसे ओंडके पाडले. चिमणी कानात बोटं घालून नाचत होती. ओल्या भुशाचा वास इतका गोड की मी परकराच्या नेफ्यात चिमूटभर बांधून ठेवला. वेडी म्हातारी.

बाबूने सांगितल्याप्रमाणे टाकी कोरडी केली आणि करवत मागच्या पडवीत ठेवली. मला मात्र ते बघवेना. आमच्या घरात भांडं खडखडीत रिकामं ठेवत नाहीत. पिठाच्या डब्यात मूठभर, तेलाच्या बरणीत तळाला थर राहायलाच हवा. सासूने लावलेली शिस्त, आता हाडात मुरलीय. रिकामं भांडं दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो. तर सगळे आत गेल्यावर मी काठी टेकत पडवीत गेले आणि डब्यातलं घोटभर पेट्रोल परत टाकीत घातलं. झाकण फिरवून लावलं. घोटभरच. बिचारीने दिवसभर राबायचं आणि उपाशी झोपायचं?

१६ नोव्हेंबर

लाकडाची रास छपरापर्यंत गेली. बाबू रोज ऑफिसातून आला की चहाच्या आधी करवत. सूनबाई म्हणाली, आता पुरे, दोन हिवाळ्यांचं झालं. तो म्हणाला, ते एक झाड आहे तेवढं, उभं आहे पण वाळलंय. मला तर हिरवंगार दिसलं. पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू.

त्याचे हात थरथरतात. आज कपातला चहा बशीत, बशीतला मांडीवर. मी म्हटलं काय रे, माझ्या आधी म्हातारा झालास? हसला. यंत्राच्या धक्क्याने होतं म्हणे. पण मी खिडकीतून बघते ना. करवत हातात आली की थरथर थांबते. अगदी दगडासारखे हात.

माझं घोटभर रोज चालू आहे. झाकण उघडलं की आतून ऊब येते. छान वाटतं बोटांना.

२३ नोव्हेंबर

आज बाबू ऑफिसला गेला नाही. फाटक कापलं. लाकडी होतं, जुनं होतं, नवं लोखंडी बसवू म्हणाला. मग कुंपण. सूनबाई बोलली त्याला, चांगली बोलली, आपण घर घेतलंय की वखार? तो हात काखेत दाबून उभा होता. म्हणाला, अगं, थांबलो की दुखतं गं. हाडातून दुखतं. चिमणी पडल्यावर रडवेली होऊन सांगते ना, अगदी तसं म्हणाला.

मला त्या बाईचं घर आठवलं. लोखंडी खुर्च्या. पडदे.

आज पेट्रोल घातलं नाही मी.

२४ नोव्हेंबर

डबा कालपासून कोरडा आहे. हलवून बघितला, उलटा केला. तरी आज करवत सकाळपासून चालली. शिडी, पडवीचे खांब, चिमणीचा झोका.

दुपारी तो जेवायला आत आला तेव्हा मी पडवीत गेले. टाकीचं झाकण उघडून काय असेल ते ओतून टाकायचं ठरवलं होतं. झाकण फिरेना. रोज माझ्या ह्याच बोटांनी फिरायचं. पदर गुंडाळून जोर लावला, दात लावले. गरम होतं. जीव असल्यासारखं गरम.

कोरडी झोपली पाहिजे, असं ती म्हणाली होती. मी तिला एकदाही झोपू दिलं नाही.

२५ नोव्हेंबर

सूनबाईला सगळं सांगितलं. घोटभराचंही. वाटलं ओरडेल. ओरडली नाही. करवत उचलून गाडीच्या डिकीत घातली, चिमणीला पुढे बसवलं आणि त्या बाईकडे गेली परत द्यायला.

बाबू इथे शेगडीपाशी. हात थरथरताहेत, आता दंडापर्यंत. दात वाजताहेत. मी त्याचे हात माझ्या मांडीवर घेऊन दाबून धरले, लहानपणी ताप आल्यावर धरायची तसे. तर माझी मांडी थरथरायला लागली.

संध्याकाळ

सूनबाई आली. करवत तशीच डिकीत. त्या बाईने घेतली नाही. पडद्याआडून एवढंच म्हणाली, एकदा जागी झाली की तिला फक्त हात कळतात, मालक कळत नाही. सूनबाईने विचारलं, मग तुमच्या नवऱ्याचं कसं सुटलं? बाईने पडदा बाजूला केला आणि नवऱ्याची घोंगडी खाली ओढली.

घोंगडीखाली हात नव्हते. कोपरापासून नव्हते.

बाई म्हणाली, त्यांनीच सांगितलं होतं मला. मी सोडवलं त्यांना.

सूनबाई हे सांगताना चिमणीचे कान झाकून उभी होती.

२६ नोव्हेंबर

बाबू रात्रभर विव्हळला. भिंतीला डोकं लावून. सकाळी जीभ चावली, रक्त आलं. मी सूनबाईला म्हटलं, दे गं त्याला. मला बघवत नाही. ती नको नको म्हणत होती. मीच म्हटलं. मीच डिकीची किल्ली घेतली तिच्या हातातून आणि त्याला दिली.

करवत हातात घेतली आणि शांत झाला. इतका शांत. माझ्याकडे बघून हसला, कपाळावर घाम. मी आई आहे त्याची. काय करायला हवं होतं?

मग वीज-फोनच्या तारांचा लाकडी खांब कापला. घर अंधारलं, फोन बंद.

सूनबाई चिमणीला घेऊन निघाली. म्हणाली, भावाला घेऊन येते, चार माणसं आणते, तुम्हीपण चला. म्हटलं, तू पोरीला ने. मी गेले तर ह्याच्यापाशी कोण? आणि मला उठवून गाडीत बसवेपर्यंत तो इकडे आला तर? चिमणी काचेतून हात हलवत होती. मी पण हलवला. हसले पण. हसू आलं कुठून कोण जाणे.

२७ किंवा २८

रस्त्याकडून धाड् धाड् आवाज. झाडं पडताहेत. रस्त्यावर आडवी. एकावर एक.

आता गाडी येणार कशी? चार माणसं येणार कशी?

तो मध्येच आत येतो. मला पाणी देतो, भांडं दातांना लागतं माझ्या, इतका हात हलतो. भाकरीचा तुकडा भरवतो. रडतो. म्हणतो आई, मी नाही गं करत. मी म्हणते, माहितेय बाळा.

कुऱ्हाड मागितली त्याने. म्हणाला, तू सोडव मला, त्या बाईसारखं. हात पुढे केले माझ्यासमोर. शेगडीच्या कठड्यावर ठेवले.

मला कुऱ्हाड उचलता आली नाही. जड होती म्हणून नाही

दार कापलं. मग कपाट. चिमणीचा पलंग. भुसा घोट्यापर्यंत. गोड वास.

काठी नेली. ह्यांची काठी. आधी पाया पडला माझ्या, मग नेली. आता मी खुर्चीतच. कालपासून खुर्चीतच.

उजेड आहे. दुपार असेल. घरात काही उरलं नाही. भिंती, शेगडी, मी. बाहेर बराच वेळ आवाज बंद होता. वाटलं संपलं सगळं लाकूड, संपलं, आता झोपेल ती. कान देऊन बसले. लांबून माणसांचे आवाज आल्यासारखे वाटले. झाडांच्या पलीकडून. सूनबाई हाका मारतेय? आई म्हणून? की मलाच

बाबू दारात उभा. जिथे दार होतं तिथे. करवत चालू आहे. पण त्याने दोरी ओढली नाही, मी बघत होते.

खुर्चीकडे बघतोय.

म्हणतो, आई, उठ ना गं जरा. म्हटलं, मला कुठे उठता येतं रे? काठी नाही. तूच ओढ. त्याने हात पुढे केला तर दोन्ही हात करवतीसकट पुढे आले. सुटत नाहीत म्हणतो. बोटं सुटत नाहीत.

म्हटलं थांब, एवढी ओळ लिहू दे. थांबलाय. लहानपणी पण थांबायचा, माझं हातातलं होईपर्यंत पदर धरून. शहाणं पोर. डोळ्यांतून पाणी गळतंय त्याच्या, पुसायला हात नाही. मी पुसलं असतं. पोचत नाही

लिहीत राहिले तर थांबेल. लिहिते. पेन्सिल संपत आली. लिहिते. हाका येताहेत, खरंच येताहेत, झाडं चढून येताहेत वाटतं, बाबू, ऐक, सूनबाई आली, ऐकलंस का, जरा थांब, एवढं

खाली बसला माझ्यासमोर. गुडघ्यांवर. हळू म्हणाला, बरं आई, उठू नकोस. नुसते पाय वर घे.

घेते बाळा. घेते हं. हा बघ शहाणा घेतला वर. आता दुसरा—