आधी अर्क, मग विष

डोंबिवली, ४ ऑगस्ट

चि. वैशालीस,
आईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुझे बाबा कान लावून बसतात, म्हणून लिहिते. या रविवारीही तू आली नाहीस. तुझ्या प्रयोगशाळेतल्या पेशींना रविवारीसुद्धा खाऊ घालावं लागतं म्हणे. आईबापांनी काय घोडं मारलंय?

बाबांच्या पायांना सूज आहे, पण स्वारी खुशीत आहे. घेटुळीच्या पाल्यातून तू औषध वेगळं काढलंस आणि त्यानं किडनीच्या पेशी विषातूनही वाचल्या, हे तू सांगितल्यापासून मी त्यांना रोज घेटुळीचा काढा देते. डॉक्टरांना बोललो नाही. आपल्या मुलीपेक्षा त्यांना जास्त कळतं का, असं बाबांचं म्हणणं. अजून किती दिवस द्यायचा, ते कळव.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमच्यावर माया असू दे.
तुझी आई

कोलशेत, ठाणे, ७ ऑगस्ट

ती. आईस,
सविनय जयभीम.

पत्र वाचताच फोनवर सांगितलं, तेच पुन्हा लिहिते. काढा आजच्या आज बंद कर. त्यात पोटॅशियम असतं. बाबांच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, आणि वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. लगेच रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना सगळं सांगा.

पेशी वाचल्या हे खरं, पण आम्ही त्यांना आधी अर्क देतो, मग विष. उलट करूनही पाहिलं. विष आधी गेलं, तर नंतर कितीही अर्क ओता, पेशी परत येत नाहीत. बाबांच्या किडन्या बीपीनं केव्हाच खाल्ल्यात. एवढं शिकून त्यांना द्यायला माझ्याकडे काहीच नाही गं. त्यांना डायलिसिससाठी तयार कर. मला तोंडावर सांगवणार नाही.

लोभ आहे, तो तसाच ठेव.
तुझी वैशाली

डोंबिवली, १२ ऑगस्ट

चि. वैशालीस,
सप्रेम जयभीम.

पोटॅशियम वाढलंच होतं. डॉक्टर खूप रागावले, दवाखान्यात ठेवून घेतलं. काल घरी आलो. सोमवारपासून डायलिसिस.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. चिडतील वाटलं होतं, पण अर्क आधी की विष आधी, एवढंच पुन्हा वाचायला लावलं. आज सकाळी भिंत धरत ओट्याशी गेले, उरलेली घेटुळी स्वतः उकळली आणि पेला माझ्यापुढे धरला. म्हणाले, तुझं अजून काही बिघडलेलं नाही, तू घे, आणि थोडा पोरीसाठी ठेव.

मला नाही म्हणवेना. मी प्यायले.

तुझी आई