हॅलम ओटर्स, १९४९: चौतीस नावं

११ एप्रिल २०१९

नाही. नाहीच! १९४९ च्या आमच्या गावच्या ओटर्स बेसबॉल संघात ऑरिन टेसमर नावाचा कुणी नव्हता. त्या उन्हाळ्याची सगळी वर्तमानपत्रं ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर डोळे फुटेस्तोवर पाहिली. प्रत्येक सामन्याचा तक्ता. चौतीस खेळाडू, त्यात हा नाही. आणि म्हातारा सत्तर वर्षं गावभर सांगत फिरतोय— तिसऱ्या बेसवर खेळलो म्हणून! चार जुलैच्या मिरवणुकीत उघड्या गाडीत बसतो. संघाची टोपी घालून!

यंदा जुन्या मैदानावर त्या संघातल्या नावांची पितळी पाटी लागणार. यादी माझी.

१६ एप्रिल

चर्चच्या तळघरात पाटीच्या समितीची बैठक. ऑरिन मुलीच्या हाताला धरून आला. नव्वदीचा, इस्त्रीचा शर्ट. मी नावं वाचून संपवली.

"माझं राहिलं, डोरीन."

"राहिलं नाही, ऑरिन. तुम्ही नव्हताच."

गस न्हावी ओरडला, "म्हणजे सत्तर वर्षं आमची फुकटची कॉफी ढोसलीस की रे!" एकच हशा. मीही हसले. इथे खोटं कशाला लिहू— बरं वाटलं. बारा वर्षं या यादीवर खपतेय, आज पहिल्यांदा गावाने माझं ऐकलं.

मुलगी मार्लिस त्याला कोट चढवत होती. हात बाहीत जाईना.

१७ एप्रिल

तिघांनी थांबवून शाबासकी दिली. तिघांनी!

२ मे

ऑरिनचा फोन. आवाज बारीक.

"मी जिम व्हिटलो नावाने खेळलो, पोरी. पैसे घेऊन खेळतो हे कॉलेजला कळलं असतं तर शिष्यवृत्ती गेली असती. बस थांबली तिथे एका दुकानाची पाटी होती, तेच नाव सांगून टाकलं."

व्हिटलो यादीत आहे. अकरा सामने, पुढे पत्ता नाही. पण ते अकरा सामने याचेच कशावरून?

"कागद आहे?"

"कागद कुठला आता."

"घरी सांगितलंय?"

"नाही. आधी तू खरं म्हण, मग सांगेन."

"कागदाशिवाय हे दुसरं खोटं ठरेल, ऑरिन. पुन्हा हसं करून घ्यायचंय का?"

फोन ठेवला त्याने.

३ मे

जुलै ४९, पान सहा. व्हिटलोचा फोटो. डाव्या कानाची पाळी अर्धी तुटलेली. ऑरिनची तशीच आहे— लहानपणी कुत्र्याने तोडलेली, सगळ्या गावाला माहीत. तोच. शंकाच नाही.

प्रत काढली. टेबलाच्या खणात सगळ्यात खाली ठेवली. यादी पाटीवर कोरायला गेलीय. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर मी बोलले होते— आता कुठल्या तोंडाने?

९ मे

गसच्या दुकानात पुठ्ठा लागलाय: 'ऑरिनने इथे केस कापले, असं तो म्हणतो.' लोक फोटो काढतायत. ऑरिन घराबाहेर पडत नाही म्हणे.

१४ जून

मार्लिस आली होती. ऑरिन मंगळवारी गेला. वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर तपासून हवा होता. तीस वर्षं शाळेतल्या पोरांना खेळ शिकवला, एवढंच लिहिलं होतं.

"ओटर्सचं नको," म्हणाली. "बाबांनीच सांगितलं. शेवटी म्हणत होते— सगळे म्हणतात तर नसेन खेळलो मी. मलाच तसं वाटत असेल."

खण माझ्या गुडघ्याला लागून होता. मी शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

४ जुलै

पाटी लागली. ज्याची त्याची मुलं, नातवंडं नावांखाली फुलं ठेवत होती. मार्लिस सरबत वाटायला आली होती. व्हिटलोच्या नावाखाली काहीच नव्हतं.

"या बिचाऱ्याचं कुणीच आलं नाही का गं?"

"नाही," मी म्हटलं.