फव्वाजचं ‘ऑफ हूम’

प्रिय रुदैना,

तुझ्या भाचीचं ठरलं, ही बातमी एव्हाना अलेक्झांड्रियापर्यंत पोचली असेलच. पण ते कसं ठरलं हे तुला कुणी धड सांगितलं नसणार. तुझ्या बहिणींपैकी मुन्तहा सांगायला लागली की रडते, मधल्या दोघी हसत सुटतात, आणि फव्वाजकडून, तुझ्या भावाकडून तर तुला काही कळायची सोयच नाही. तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

लमीस आयर्लंडला गॉलवेच्या इस्पितळात नर्स आहे हे तुला ठाऊक आहे. तिथल्याच अँब्युलन्सवरचा रोनन नावाचा मुलगा तिने पसंत केला. चांगला आहे गं, फक्त उन्हात पाच मिनिटं उभा राहिला तरी टोमॅटोसारखा होतो. फव्वाजने आधी तोंड फिरवलं, मग दुकानातली कॉफी भाजायची भट्टी इतकी तापवली की आठवडाभर अख्ख्या सल्त गावाने जळकी कॉफी प्यायली. शेवटी म्हणाला, “येऊ दे. पण रीतीने येऊ दे. बाप, काका, आत्या, सगळे घेऊन दारात उभं राहू दे आणि मागणी घालू दे.” आम्हाला वाटलं, आयर्लंडहून एवढे लोक कशाला येतायत! तर त्यांनी तिकिटंच काढली.

मग तुझ्या भावाच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. उत्तर तो स्वतः इंग्रजीत देणार. मी म्हटलं, मी शेजारी बसते, तू अरबीत बोल, मी सांगते त्यांना. तर म्हणतो कसा, “मुलगी माझी, तर तोंडही माझंच हवं.” कागदावर लिहून देऊ का, विचारलं. “कागद वाचून मुलगी देतात का, सर्वत?” झालं. इतकी वर्षं शाळेत पोरींना शिकवून निवृत्त झालेली मी, रोज दुपारी वेलदोड्यांच्या पोत्यावर बसून एका साठीच्या कॉफीवाल्याला इंग्रजी शिकवायला लागले.

बाकी सगळं त्याला भराभर आलं. घोडं अडलं ते ‘ऑफ हूम’पाशी. त्याला आपल्या माणसांची नीट ओळख करून द्यायची होती, म्हणजे माझे भाऊ, ज्यांपैकी दोघे अम्मानला असतात, माझे शेजारी, ज्यांपैकी बहुतेक आज इथे आहेत, असं. मी समजावलं की सम म्हणजे काही, मोस्ट म्हणजे बहुतेक, ऑल म्हणजे सगळे, नन म्हणजे एकही नाही, आणि त्याच्यापुढे ‘ऑफ हूम’ लावायचं. त्याने भट्टीतला झारा खाली ठेवला. “अगं, आपल्यात ‘त्यातले काही’ म्हटलं की भागतं. हे म्हणजे आधी सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि मग त्यातल्या काहींना बाजूला काढायचं?” म्हटलं, अगदी बरोबर समजलास. तर म्हणतो, “मग सोपं आहे. आमच्या घराण्याने जन्मभर दुसरं केलंय काय?”

हे बोलला आणि त्याने पुन्हा झारा उचलला. दाणे हलवत राहिला. मीलाद तुझी मागणी घालायला आला होता तेव्हाची संध्याकाळ आम्हा दोघांनाही आठवली असणार. ऊदच्या तारा छेडणाऱ्याच्या घरी बहीण देत नाही, असं म्हणून तुझ्या भावाने त्याच्या बिचाऱ्या म्हाताऱ्या वडिलांसमोरची कॉफी उचलून आत नेली होती. पण त्या दिवशी मी हे सगळं काढलं नाही. मी फक्त म्हटलं, “अबू लमीस, ‘हू’ नाही, ‘हूम’. ओठ मिट.”

त्याच्या सरावाची वाक्यं ऐकायला तू हवी होतीस! “मला सहा चुलतभाऊ आहेत, ज्यांपैकी एकही माणूस म्हणायच्या लायकीचा नाही.” हे नेमकं त्यातला एक दारात उभा असताना. समोरचा न्हावी दाढी अर्धी सोडून ऐकायला यायचा. त्यालाही नाद लागला. “माझी गिऱ्हाइकं, ज्यांपैकी निम्मी टकली आहेत,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला इंग्रजीत ऐकवायचा, आणि ऐकणाऱ्याला कळत नसल्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. ऑल आणि नन यांची मात्र फव्वाजच्या तोंडात सारखी अदलाबदल व्हायची. मी हात जोडून सांगितलं, बाबा रे, बाकी काहीही चुकव, हे दोन चुकवू नकोस.

आणि तो दिवस आला. आयर्लंडची मंडळी सगळ्या पायऱ्या चढून वर आली तेव्हा त्यांच्यात बोलायचं त्राण उरलं नव्हतं. रोनन, त्याचे वडील डेक्लन, त्यांचे तीन भाऊ, दोन आत्या. पुढच्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसले. तुझ्या तिघी बहिणी ओळीने खिडकीपाशी, मी फव्वाजच्या मागे, आणि लमीस आतल्या दाराच्या पडद्याआड. चिमुकल्या फिंजान-कपांतून कॉफी आली. डेक्लनना लमीसने बजावलं होतं की होकार मिळेपर्यंत ओठाला लावायची नाही. ते आपले कप दोन्ही हातांत धरून राखण करत होते. पण धाकट्या काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मागणी घालायच्या आधीच एका घोटात कप रिकामा केला, छान आहे म्हणाले आणि आणखी मागितली. मुन्तहाने कपाळाला हात लावला.

डेक्लननी उभं राहून साध्या शब्दांत मुलगी मागितली. आता फव्वाज उठला. इस्त्रीचा सूट, घामाने ओली कॉलर. सुरुवात झकास झाली. मग त्याने हात पसरले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आमचे हे पाहुणे, नन ऑफ हूम आम्हाला प्रिय आहेत.” म्हणजे काय, एकही नाही! पडद्यामागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. मी मागून कुजबुजले, “ऑल! ऑल!” तर याला वाटलं मी शाबासकी देतेय. छाती काढून त्याने तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं! दोन्ही आत्या एकमेकींकडे बघायला लागल्या. रोननचा टोमॅटो झाला होता, या वेळी उन्हावाचून.

डेक्लन मात्र गंभीर चेहऱ्याने उठले आणि म्हणाले, “साहेब, तुमचं माणसांचं ज्ञान दांडगं आहे. हे माझे भाऊ, मोस्ट ऑफ हूम आमच्याही घरात कुणाला प्रिय नाहीत.” मी हे अरबीत सांगितलं आणि घर कोसळेल इतके सगळे हसले. ज्याने कॉफी प्यायली होती तो काका सगळ्यात जोरात. फव्वाजला आपलं काय चुकलं ते तेव्हा कळलं. मला वाटलं, आता हा संतापणार, सगळं मुसळ केरात. पण तोही हसला. डोळे पुसत, खांदे हलवत हसला. रुदैना, तू मीलादबरोबर निघून गेल्यानंतर त्याला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

पुढचं वाक्य बहिणींचं होतं. मी त्याला पढवलं होतं की मला तीन बहिणी आहेत, ज्यांपैकी सगळ्या आज फार आनंदात आहेत. साधं, सुरक्षित. तो खिडकीकडे वळला आणि म्हणाला, “आय हॅव फोर सिस्टर्स.”

मला वाटलं, हा पुन्हा चुकला. मी मागून कोट ओढला आणि तीन बोटं नाचवली. त्याने वळून माझ्या बोटांकडे पाहिलं. मान हलवली. “फोर,” पुन्हा म्हणाला, सावकाश, कुणाला ऐकू आलं नसेल तर यावं म्हणून. “थ्री ऑफ हूम आर हिअर.”

एक अक्षर चुकलं नाही. मुन्तहाला इंग्रजीतले आकडे तेवढे येतात. तिला चार कळले, तीन कळले, आणि तिने रुमालात तोंड खुपसलं. पाहुण्यांना वाटलं, चौथी बहीण वारली असावी. एका आत्याने तर हळूच क्रूसाची खूण केली. मला त्यांना जाऊन सांगावं लागलं की नाही हो, चांगली धडधाकट आहे, अलेक्झांड्रियात असते, तिचा नवरा ऊद वाजवतो. त्यावर धाकट्या काकांनी हर्षाने खुर्चीखालून फिडल, म्हणजे व्हायोलिनच, काढलं. चौघे भाऊ, ज्यांपैकी चौघेही वाजवतात! फव्वाजने एकदा त्या फिडलकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि डेक्लनना म्हणाला, “घ्या, कॉफी प्या. गार होतेय.” झाला होकार.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन विचारलं, ते चार कुठून आले? तो कॉफी दळत होता. “व्याकरणात चूक होती का?” नव्हती. “मग झालं तर,” म्हणाला आणि चक्की इतकी जोरात फिरवायला लागला की पुढे बोलणंच खुंटलं.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. लग्न द्राक्षांच्या हंगामात, इथेच, आपल्या चर्चमध्ये आहे. तिथे त्याला पुन्हा इंग्रजीत बोलायचंय आणि त्याची तयारी आतापासून चालू आहे. काल मला बोलावून घेतलं, दुकानाचं दार लोटलं आणि खाली बघत म्हणाला, “सगळं पाठ झालंय. बहिणींच्या वाक्यात तेवढं अडलंय. तिथे ‘थ्री’ म्हणायचं की ‘ऑल’?” मी म्हटलं, अबू लमीस, हे काही मला ठरवता येणार नाही. “ठाऊक आहे मला,” तो म्हणाला. “जिला ठरवता येईल तिला विचारून सांग. आणि मीलादलाही विचार.” तर मी विचारतेय, रुदैना. लवकर कळव, म्हणजे त्याचा सराव घेता येईल.

तुझीच,
सर्वत